कोणती प्रत पाहिलीत?

‘जुने सिनेमे काही बघवत नाहीत बुवा’ असं कुणी म्हणालं की वाद घालत बसू नये, सरळ विचारावं, कोणती प्रत पाहिलीत? सिनेमाची प्रत बदलली की माणसांचे चेहरे रुंद होतात, चाल बदलते, रात्रीचा दिवस होतो आणि क्वचित गोष्टसुद्धा निराळीच होऊन बसते. नावाजलेला चित्रपट कंटाळवाणा वाटला की प्रेक्षक बिचारा स्वतःच्या समजेला दोष देतो किंवा दिग्दर्शकाच्या नावानं बोटं मोडतो. बरेचदा घोळ या दोघांच्या मध्ये कुठेतरी झालेला असतो.

रात्रीचा दिवस होतो हे अक्षरशः खरं आहे. मुर्नाउचा ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा भयपटांचा मूळपुरुष म्हणावा असा मूकपट. त्या काळची फिल्म प्रकाश टिपायला इतकी मंद होती की रात्री उघड्यावर चित्रीकरण करणं जवळपास अशक्यच. म्हणून बाहेरचे रात्रीचे प्रसंग भर उन्हात चित्रित केले आणि प्रतीवर त्या भागाला निळी छटा दिली. निळं म्हणजे रात्र, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. पुढे स्वस्तातल्या प्रती निघाल्या, त्या नुसत्या काळ्या-पांढऱ्या. छटा गेली ती गेलीच. अशा प्रतीत यातलं पिशाच्च, काउंट ऑरलॉक, आपली शवपेटी काखोटीला मारून लख्ख उजेडात गावातून फिरताना दिसतं, भिंतींवर उन्हाच्या सावल्यासुद्धा स्वच्छ पडलेल्या. आणि याच पिशाच्चाचा शेवट कशानं होतो? सूर्यप्रकाशानं! काळी-पांढरी प्रत पाहणाऱ्याला ही सगळी भानगड हास्यास्पद वाटली तर त्याचं काय चुकलं? छटा परत दिलेली, नीट वेगानं चालणारी प्रत सुमारे दीड तासाची आहे. हाती आलेली प्रत तासाभरात आटोपत असेल, तर एक तर ती कापलेली आहे, नाही तर पळवलेली.

पळवलेली म्हणजे काय, तेही सांगायला हवं. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ स्थिर चित्रं, हा वेग ठरून गेला. त्याआधी असा पक्का नियम नव्हता. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवला जाई आणि साधारण १६ पासून २४ पर्यंत कुठलाही वेग चालून जाई. १८ च्या वेगानं काढलेला मूकपट २४ नं दाखवला की दीड तासाचा ऐवज ६७-६८ मिनिटांत उरकतो आणि माणसं किल्लीच्या खेळण्यासारखी तुरुतुरु चालू लागतात. ‘मूकपटातली माणसं तशीच चालतात’ हा समज तिथूनच आला. ड्रायरच्या ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ची (१९२८) मूळ निगेटिव्ह आगीत गेली आणि १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात त्याची चांगली प्रत सापडली, ही हकिगत बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण तो २० नं दाखवावा की २४ नं, यावर जाणकारांत अजून एकमत नाही. पाहणाऱ्यानं २० ची प्रत निवडावी. त्या चित्रपटात चेहऱ्यांशिवाय फारसं काही नाही, आणि चेहरा वाचायला वेळ लागतो.

कल्ट सिनेमाचे, म्हणजे मोजक्या पण वेड्या चाहत्यांनी जपलेल्या चित्रपटांचे, हाल आणखी वेगळे. जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) आधी दुसऱ्या नावानं प्रदर्शित व्हायचा होता. वितरकानं नाव बदललं, नवी नामपट्टी लावली आणि जुन्या पट्टीबरोबर कॉपीराइटची ओळही उडाली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानं ती ओळ नसणं म्हणजे हक्कच गमावणं. झालं, ज्याला वाटेल त्यानं प्रती काढाव्या आणि विकाव्या. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. चित्रपट घरोघरी पोचला तो या गळतीमुळे, आणि राखाडी चिखल होऊन पोचला तोही तिच्यामुळेच. २०१६ साली मूळ निगेटिव्हवरून त्याची ४के प्रत तयार झाली. तिच्यात अंधार खरोखर काळा आहे, खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्यांचे पोत दिसतात, आणि हौशी पोरांचा खेळ म्हणून ज्याची संभावना होत असे तो चित्रपट प्रकाशयोजनेत किती विचारी आहे ते कळतं. गंमत अशी की फुकट मिळणाऱ्या जागी अजूनही बहुतेक वेळा तो चिखलच हाती लागतो.

चांगली प्रत मिळवली तरी घरचा टीव्ही तिचा सत्यानाश करायला टपलेला असतोच. सगळ्यात आधी पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर न्यावा. मग सेटिंगमध्ये ‘मोशन’ हा शब्द दिसेल तिथे जाऊन ते बंद करावं. प्रत्येक कंपनी त्याला निराळं गोंडस नाव देते, पण काम एकच: २४ फ्रेमच्या मध्ये आपल्या मनानं नव्या फ्रेम घुसवायच्या. त्यानं कुठलाही चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. शार्पनेस अगदी खाली आणावा, नॉइज रिडक्शन बंद. जुन्या चित्रपटात जी बारीक रवाळ थरथर दिसते ती धूळ नाही, तिच्यातच चित्र आहे. ती पुसायला गेलं की माणसांचे चेहरे मेणाचे होतात. नवी प्रत तपासताना याच कारणासाठी चेहऱ्याकडे पाहावं. गालावर काहीच पोत नसेल तर सफाई करणाऱ्याचा हात जड झालाय.

त्यानंतर चौकट. १९५०च्या आसपासपर्यंतचे बहुतेक बोलपट १.३७ : १ या जवळपास चौकोनी मापाचे. आजचा टीव्ही १.७८ : १. म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. ‘स्क्रीन भरून दिसत नाही’ म्हणून झूम केलं की वरचा-खालचा मिळून जवळजवळ चौथा हिस्सा चित्राबाहेर जातो. ताणलं तर माणसं तीस टक्के जाड होतात. ओझूसारखा जपानी दिग्दर्शक कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून चौकट वीतवीत मोजून बांधतो. त्याच्या चित्राचा खालचा भाग कापणं म्हणजे त्यानं जुळवलेली बैठकच उधळणं. तपासायची युक्ती सोपी आहे. चित्रात एखादं चाक, ताट किंवा घड्याळ शोधायचं. ते गोल दिसलं पाहिजे.

सबटायटलचीही एक खोड माहीत असलेली बरी. ती पहिल्या मिनिटापासून सारख्याच फरकानं पुढे-मागे असतील तर फक्त सुरुवात चुकलीय. प्लेअरमध्ये काही सेकंद सरकवली की काम झालं. पण सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे जास्तच घसरत असतील, तर फाइल २५ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली आणि चित्रपट २४ चा, असा प्रकार असतो. युरोपात टीव्हीवर चित्रपट २५ च्या वेगानं दाखवत, तिथले हे अवशेष. तासाभरात जवळजवळ अडीच मिनिटांचा फरक पडतो आणि नायिका दार उघडायच्या आत तिचं उत्तर वाचून होतं. इथे सरकवून उपयोग नाही, फाइलचा वेगच बदलावा लागतो.

‘मूळ भाषेतच पाहावं’ हा नियम चांगला, पण इटलीपाशी येऊन तो अडखळतो. तिथे साठ-सत्तरच्या दशकात आवाज नंतरच भरत. एकाच प्रसंगात एक नट इंग्रजीत बोलतोय, समोरचा इटालियनमध्ये, आणि सगळ्यांचे आवाज पुढे स्टुडिओत बसवलेले. तिथले वेस्टर्न आणि भयपट कुठल्याही भाषेत लावले तरी कुणा ना कुणाचे ओठ जुळणार नाहीत. मुख्य नटानं स्वतःचा आवाज ज्या भाषेत दिलाय ती निवडावी आणि ओठांकडे काणाडोळा करावा.

काही चित्रपटांच्या बाबतीत तर दोन आवृत्त्या म्हणजे दोन चित्रपटच. होंडाचा जपानी ‘गोजिरा’ (१९५४), म्हणजे मूळचा गॉडझिला, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांच्या सावलीत काढलेला, शोकाकुल म्हणावा असा. १९५६ साली अमेरिकेत तो कापला गेला, त्यात रेमंड बर नावाचा नट पत्रकार म्हणून घुसवला, अणुबॉम्बच्या चर्चेवर कात्री चालली आणि राहिलं ते शहर तुडवणारं जनावर. बाहेरच्या जगानं कितीतरी वर्षं तेच पाहिलं आणि त्यावरच हसलं. ‘ब्लेड रनर’चं (१९८२) तसंच: पहिल्या आवृत्तीत निवेदन आणि गोड शेवट चिकटवलेला, १९९२ साली ते दोन्ही काढलेली दुसरी, आणि २००७ ची ‘फायनल कट’. सुरुवात शेवटच्या आवृत्तीनं करावी. १९८२ ची नंतर पाहावी, निवेदन काय काय बिघडवू शकतं याचा धडा म्हणून.

आता प्रत उत्तम आहे, टीव्ही शहाण्यासारखा वागतोय आणि तरीही चित्रपट हलत नाही, असंही होतंच. शांताल आकरमनचा ‘जान दिलमान’ (१९७५) २०१ मिनिटांचा आहे. २०२२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या समीक्षक-कौलात तो पहिला आला, आणि त्या कौतुकामुळे लावून अर्ध्या तासात बंद केलेल्यांची संख्या नक्कीच वाढली असणार. एक विधवा, तिचा मुलगा, ब्रसेल्समधला फ्लॅट, तीन दिवस. पहिल्या दिवशी फक्त तिची शिस्त डोळ्यांत भरून घ्यायची: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, पैसे ठेवायचं भांडं, त्याचं झाकण. बाकी काही शोधू नये. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. ती पातेलं हातात घेऊन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यात येरझारा घालते. हे ठेवायचं कुठे, तेच तिला सुचत नाही. भांड्याचं झाकण उघडं राहिलंय. पहिला दिवस मन लावून पाहिलेल्याला इथे चक्क धडधडतं, आणि मोबाइल चाळत पाहिलेल्याला ती बाई बटाटे घेऊन फिरताना दिसते. उठायचंच असेल तर दिवस संपल्याची पाटी येते तिथे उठावं. कुरोसावाच्या २०७ मिनिटांच्या ‘सेव्हन सामुराय’मध्ये तर मध्यंतर आतच बांधलेलं आहे.

पुढे काय पाहायचं याला शंभर थोर चित्रपटांच्या याद्या फारशा कामाच्या नाहीत. पाच-सहा झाले की शाळा वाटू लागते. त्यापेक्षा एखादा कॅमेरामन धरावा, तो आपोआप एका प्रकारातून दुसऱ्यात घेऊन जातो. काझुओ मियागावा धरला तर ‘राशोमोन’ (१९५०), ‘उगेत्सु’तली भुतं (१९५३), ओझूचा ‘फ्लोटिंग वीड्स’ (१९५९) आणि ‘योजिम्बो’मधली हाणामारी (१९६१), असे तीन दिग्दर्शक आणि चार तऱ्हा होतात. कार्ल फ्रॉइंड धरला तर मजा आणखी: ‘द लास्ट लाफ’ (१९२४), ‘मेट्रोपोलिस’ (१९२७), हॉलिवुडचा ‘ड्रॅक्युला’ (१९३१), स्वतः दिग्दर्शित केलेला ‘द ममी’ (१९३२), आणि १९५१ पासून चक्क ‘आय लव्ह ल्यूसी’ ही विनोदी टीव्ही मालिका, समोर प्रेक्षक बसवून एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रित केलेली. सावल्या पाडण्यात आयुष्य घातलेल्या माणसाला तिथे कुठल्याच कॅमेऱ्यात नको ती सावली येऊ नये असा सपाट उजेड जमवावा लागला. भयपटांचा धसका घेतलेल्यांनी ही वाट ल्यूसीकडून सुरू करून उलटी चालायला हरकत नाही. ममीपर्यंत पोचेस्तोवर भीड चेपलेली असते.