मेलेला फोग

जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात झुडपं मोजायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. मे महिना होता. ३१६२ चौरस किलोमीटरचा हा पसारा नावाला नॅशनल पार्क, कायद्याने मात्र अभयारण्य. आत गावं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत. म्हणून माळढोकासाठी काही तुकड्यांना कुंपण घालून तिथली चराई बंद केली आहे. कुंपणाच्या आत-बाहेर प्लॉट आखायचे, झुडपं मोजायची आणि जिवंत की मृत ते लिहायचं, एवढंच माझं काम.

दुपारपर्यंत कुंपणाच्या आतल्या फोगांपुढे (फोग म्हणजे इथल्या वाळूत वाढणारं झुडूप) 'मृत, मृत, मृत' असं लिहीत सुटले होते. राखाडी काटक्यांचा नुसता गुंता, एक हिरवी काडी दिसेल तर शपथ. बाहेर मृत फोग जवळजवळ नाहीच. म्हणजे कुंपणाने झुडपं मरतात की काय? खोटं कशाला बोलू, असलं काहीतरी सनसनाटी हाती लागल्याचा थोडा आनंदही झाला होता.

सोबतचे वनरक्षक काका इतका वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "मॅडमजी, मेलंय ना? मग मोडून दाखवा."

मोडायला गेले तर फांदी वाकली, तुटेना. काकांनी नखाने साल खरवडली. आत ओलसर हिरवी रेघ! फोगाला पानं अशी नसतातच, हिरव्या कोवळ्या काड्याच पानांचं काम करतात; आणि उन्हाळा तापला की पाणी वाचवायला तो त्याही गाळून टाकतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, बरं का. परीक्षेत लिहिलंही होतं.

"आणि बाहेर मेलेला कसा दिसेल?" काका मला कुंपणापलीकडे घेऊन गेले. वाळूत एक उथळ खड्डा होता, अर्धा बुजलेला, कडेला मुळाचा तुटका तुकडा. फोगाचं लाकूड जळतं झकास, कोळसाही चांगला होतो. त्यामुळे मुळासकट खणून नेतात. जे नेलं ते माझ्या तक्त्यात येणार कुठून? शेजारी विलायती बाभूळ मात्र हिरवीगार माजलेली. तिच्या पानांना गुरंही सहसा तोंड लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्या प्लॉटपासून पुन्हा सुरुवात केली, प्रत्येक झुडपाची एक फांदी वाकवून बघत. तक्त्यात एक रकाना वाढवला होता: खड्डे.