पाचनई ते खिरेश्वर: सॅकच्या पट्ट्यावर हँडी

डिसेंबरात आम्ही हरिश्चंद्रगड पाचनईने चढलो, रात्री वर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरलो. वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे, तिचं वर्णन करत बसत नाही. लिहायचंय ते सोबत नेलेल्या हॅम रेडिओबद्दल, म्हणजे परवाना काढून हौसेने वापरायच्या बिनतारी संचाबद्दल. या वाटेवर तो कुठे बोलतो, कुठे मुका होतो आणि अडचणीत उपयोगी पडावा म्हणून घरूनच काय करून निघावं लागतं, ते पुढच्यांना कळावं.

आमच्यात परवानाधारक दोघं. एक पुढे, एक शेवटी, दोघांकडे 5 वॅटचे हँडी, म्हणजे हातात धरायचे सेट. आपसात बोलायला 1 वॅट पुरतो आणि बॅटरी दिवसभर टिकते. लांबचा कॉल द्यायचा तेव्हाच पॉवर वाढवायची. पण खरी तयारी आदल्या आठवड्यात झाली होती. डोंबिवलीतला एक मित्र गच्चीवर अँटेना लावून ऐकणार होता आणि दुसरा ओतूरला. दोघांकडे आमची वाट, नावं, रक्तगट, घरचे नंबर आणि पाचनई-खिरेश्वरमधल्या ओळखीच्या माणसांचे फोन लिहून दिलेले. 9, 12, 3 आणि 6 वाजता पहिली पाच मिनिटं ऐकायचं. एक स्केड (बोलायची ठरलेली वेळ) चुकलं तर थांबायचं, लागोपाठ दोन चुकली तर गावात फोन, आणि तिथूनही पत्ता लागला नाही तर 112 आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर. पलीकडे कुणी ठरल्या वेळी कान लावून बसलेलं नसेल, तर रेडिओ म्हणजे सॅकमधलं जास्तीचं ओझं.

पाचनईची वाट ओढ्याच्या घळीतून आणि कातळाला बिलगून जाते. इथे व्हीएचएफकडून, म्हणजे आमचे हँडी चालतात त्या लहरींकडून, काही अपेक्षा ठेवू नका. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की संपलं. मंदिराच्या आवारात आणि गुहेतही तसंच, चारही बाजूंनी चढ. केदारेश्वराच्या लेण्यात तर प्रश्नच नाही.

कोकणकड्यावर गेलो आणि चित्र पालटलं. समोर सगळं कोकण उघडं. संध्याकाळी 6 च्या स्केडला डोंबिवलीचा मित्र फाइव्ह नाइन, म्हणजे अगदी स्वच्छ आणि जोरात आला, सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटरवरून, रिपीटरशिवाय (रिपीटर म्हणजे आवाज पकडून पुढे पाठवणारं केंद्र). तारामती हे गडाचं सर्वांत उंच शिखर 1429 मीटर आहे. मध्ये अडथळा नसेल तर तिथून समुद्रसपाटीपर्यंतचं रेडिओ क्षितिज, म्हणजे लहरी पोचायची हद्द, हिशेबाने दीडशे किलोमीटरवर येतं. सह्याद्रीच्या कड्यांनी दिलेली ही देणगी आहे, ती वापरावी. मुक्काम कुठेही करा, संध्याकाळचा कॉल मात्र कड्यावरून द्या. आणि कडेपासून लांब उभं राहून द्या. रेडिओवर बोलताना पायांकडे लक्ष राहत नाही, आणि तिथला वारा अचानक उसळतो.

दुसऱ्या दिवशी बालेकिल्ल्याच्या बाजूने उतरताना डोंबिवलीचा संपर्क गेला. गडाचं धूड मध्ये आलं. तोलार खिंडीच्या वरच्या रेलिंगच्या कातळटप्प्यावर दुसऱ्या एका ग्रुपमधल्या बाई गुडघा मुरगळून बसल्या होत्या, पाय टेकवत नव्हता. आमच्या कुणाच्याच फोनला रेंज नव्हती. पण त्या टप्प्यावरून पिंपळगाव जोगे धरणाकडची बाजू मोकळी दिसते, आणि ओतूर त्याच अंगाला. सोबतच्या रबरी अँटेनावर मित्राचा आवाज तुटत होता. म्हणून गुंडाळी करून नेलेली वायरची जे-पोल अँटेना काठीला बांधून उभी धरली आणि आवाज स्वच्छ झाला. निरोप ठरल्या क्रमाने दिला: आम्ही कोण, नेमके कुठे, काय झालंय, माणसं किती, काय हवंय. अक्षांश-रेखांश एकेक आकडा सुटा सांगितला आणि त्याच्याकडून परत वदवून घेतला. त्याने खिरेश्वरला फोन लावला, गावातली पोरं डोली घेऊन वर आली. त्यांच्या चपळाईपुढे आमचं काम किरकोळ होतं, पण त्यांना वेळेत कळलं ते त्या वायरमुळे.

म्हणून यादीत पहिली वस्तू ती जे-पोल. दीडेक मीटर लांब, वजन नगण्य, झाडाला टांगता येते. ती नसेल तर हँडीच्या अँटेनाच्या तळाला, बाहेरच्या धातूला, सुमारे 49 सेंटीमीटरची तार जोडून खाली सोडा, फरक कळतो. सेट कमरेला लावून बोलू नका, तोंडासमोर उभा धरा. आवाज तुटला तर जागचे दोन पावलं सरका, कित्येकदा तेवढ्याने जमतं. थंडीत जादा बॅटरी रात्री झोपायच्या पिशवीत घ्या. रिपीटर कुठले चालू आहेत ते निघण्याआधी पुण्या-मुंबईच्या हॅमना विचारा, जुन्या यादीवर विसंबू नका. सिम्प्लेक्ससाठी, म्हणजे रिपीटरशिवाय थेट बोलायला, 145.500 मेगाहर्ट्झ ठेवा.

परवान्याचं स्पष्ट बोलतो. हॅम सेट परवान्याशिवाय वापरणं सोडाच, जवळ बाळगणंही आपल्याकडे बेकायदा आहे. परीक्षा दूरसंचार खात्याची, वय 12 पूर्ण लागतं, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या (खालच्या श्रेणीच्या) परवान्याला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, लागत नाही. थोडा अभ्यास केला की कुणीही पास होईल. तोवर ग्रुपमधल्या पुढच्या-मागच्या बोलण्यासाठी 446 मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे, मान्यताप्राप्त परवानामुक्त वॉकीटॉकी आहेत. परदेशातून आलेल्या भावंडांनो, तिकडचा सॅटेलाइट मेसेंजर इथे परवानगीशिवाय आणू नका, त्यापायी लोकांना अटक झालेली आहे.

आणि खिरेश्वरला पोचलात की चहाआधी शेवटचा कॉल द्या, लागत नसेल तर गावातून फोन करा. तिकडे कुणीतरी अजून गच्चीत बसलेलं असतं.