बँकॉकच्या ठगाने आम्हाला खरं सांगितलं

बँकॉकमध्ये आम्हाला कोणी फसवलं नाही, आणि त्याचा मला अजूनही राग आहे.

निघण्याआधी मी चांगला अभ्यास केला होता. ग्रँड पॅलेसबाहेरची थाप तर इतकी जुनी आणि गाजलेली की मला ती तोंडपाठ झाली होती. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सभ्य माणूस भेटतो. राजवाडा आज बंद आहे, धार्मिक सुट्टी आहे, दुपारनंतर या, असं सांगतो. मग तोच बिचारा मदतीला धावतो. २० बाटमध्ये टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, ठरवून देतो, एकदोन देवळं दाखवायला सांगतो आणि वाटेत 'सरकारी' रत्नांचं दुकान येतं, जिथली करमाफी नेमकी आजच संपत असते. देवळात योगायोगाने दुसरा एक सभ्य माणूस भेटतो. त्यानेही म्हणे गेल्या वर्षी इथूनच नीलम घेतलेले असतात आणि मायदेशी दुप्पट भावाने विकलेले असतात. दुकानदार हलके खडे अव्वाच्या सव्वा किमतीला गळ्यात मारतो आणि वर ते लगेच पोस्टाने घरी पाठवायचा आग्रह धरतो. म्हणजे संध्याकाळी डोकं ठिकाणावर आलं तरी परत करायला हातात खडेच नाहीत! टुकटुकवाल्याला कमिशन किंवा पेट्रोलचं कूपन. कित्येक वर्षं हे असंच चाललंय.

मावशीला मी हे सगळं विमानातच सांगून ठेवलं. तिने उभं आयुष्य ठाण्याच्या एका बँकेत कॅश काउंटरवर काढलंय. ती म्हणाली, "येऊ दे. मी बघते त्याच्याकडे."

खरंच, तिला तो भेटायला हवा होता. मलाही.

आम्ही नदीतल्या बोटीने ता चांग धक्क्यावर उतरलो. बँकॉकचं मला आवडलेलं वाहन म्हणजे ही बोट. ट्रॅफिक नाही, वारा आहे, आणि शिट्ट्या मारून बोट धक्क्याला लावणारा माणूस बघायला फुकट मिळतो. तिथून चालत ना फ्रा लान रस्त्यावर आलो तर गर्दी, ऊन आणि हत्तीची चित्रं असलेल्या पायजम्यांचे ढीग. राजवाड्यात गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, म्हणून चड्डीवर आलेले गोरे तिथे घाईघाईने पायजमे विकत घेतात. मावशी पंजाबी ड्रेसमध्ये होती. तिने त्या रांगेकडे समाधानाने पाहिलं.

आणि तेवढ्यात तो दिसला. अगदी वर्णनाबरहुकूम! फिकट निळा शर्ट, गळ्यात लॅमिनेट केलेलं कसलंसं ओळखपत्र, हातात घडीचा नकाशा आणि खिशाला लाल पेन. त्याच्यासमोर एक मध्यमवयीन गोरं जोडपं उभं होतं. त्याने नकाशावर लाल गोल काढला, मग दुसरा, मग दोन्ही गोल रेघेने जोडले. हात मनगटावरच्या घड्याळाकडे जाई, तिथून आकाशाकडे, आणि मग अत्यंत दिलगीर चेहऱ्याने राजवाड्याच्या दिशेने. इतकं सुंदर काम मी नाटकातही कमी पाहिलंय. टुकटुक दहा पावलांवर उभी होती आणि तिचा चालक दुसरीकडेच बघत होता.

आम्ही मुद्दाम हळू चाललो. मावशीने तर पर्समधून पाण्याची बाटली काढायचं निमित्त करून चक्क मुक्काम ठोकला. त्याने आमच्याकडे पाहिलं. पाय, चपला, पर्स, चेहरा, या क्रमाने.

"वेअर फ्रॉम?"

"इंडिया," मी म्हणाले आणि पुढच्या वाक्याची वाट बघू लागले.

"पॅलेस ओपन," तो म्हणाला. "दॅट गेट. गो, गो." आणि पाठ फिरवून परत त्या जोडप्याकडे वळला.

ज्या माणसाचा धंदाच राजवाडा बंद आहे हे सांगायचा, त्याने आम्हाला खरं सांगितलं! वर बोटाने दारही दाखवलं. मावशीच्या हातात बाटली तशीच राहिली. "म्हणजे काय? आपण काय भिकारी दिसतो?"

मी तिला समजावलं की बरंच झालं, वेळ वाचला. पण पटत मलाही नव्हतं. त्या माणसाने एका नजरेत हिशोब मांडला होता: दोन भारतीय बायका, दुकानात तासभर बसणार, सगळे खडे काढायला लावणार, शंभर प्रश्न विचारणार आणि शेवटी 'नंतर बघू' म्हणून उठणार. हिशोब चूक नव्हता, आणि जास्त झोंबलं ते तेच. लहानपणापासून दादरच्या साडीच्या दुकानात मी मावशीबरोबर बसलेली आहे. गादीवर साड्यांचा डोंगर झाला की ती पदर झटकून उठते, हे मला माहीत आहे. पण हे बँकॉकच्या फुटपाथवरच्या ठगाला कोणी सांगितलं?

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. ते जोडपं टुकटुककडे निघालं तशी मावशी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "अगं सांग त्यांना." मी पुढे झाले. जमेल तितक्या सभ्य इंग्रजीत म्हणाले की राजवाडा उघडा आहे, साडेतीनपर्यंत आत सोडतात, हा माणूस तुम्हाला रत्नांच्या दुकानात नेईल. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग मावशीकडे. मग हसून "नो, थँक यू" म्हणाल्या आणि खांद्यावरची पर्स पोटावर ओढून घेतली.

त्यांना वाटलं, ठग आम्ही आहोत.

त्यांच्या डोक्यातलं चित्र मला स्वच्छ दिसलं. इस्त्रीच्या शर्टातला ओळखपत्रवाला थाई माणूस मदत करतोय, आणि मधेच दोन भारतीय बायका आगंतुकपणे येऊन त्याच्यावर आळ घेतायत, म्हणजे यांना काहीतरी विकायचं असणार. टुकटुक फर्रकन निघून गेली. निळ्या शर्टाने आमच्याकडे पाहून खांदे उडवले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडी सहानुभूतीच होती म्हणा ना.

राजवाडा सुंदर आहे. १७८२ मध्ये पहिल्या रामाने बांधायला घेतला, पाचूचा म्हणतात तो बुद्ध आत आहे, भिंतींवर रामायण आहे. यापेक्षा जास्त मला आठवत नाही, कारण मी सगळा वेळ धुमसत होते. मावशी तिकिटावर धुमसत होती. परदेशी माणसाला ५०० बाट, म्हणजे हजार रुपयांच्या बऱ्याच वर, आणि थाई लोकांना फुकट. "हे फसवणं नाही तर काय?" मी तिला अजिंठ्याची आठवण करून दिली. तिथे आपल्याला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६००. त्यातही गंमत म्हणजे थायलंड आपल्याबरोबर बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटात असल्यामुळे थाई पर्यटकाला अजिंठ्यात आपल्याइतकेच ४० लागतात. "मग त्यांनी इथे आपल्याला का नाही सोडलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पलीकडच्या वाट फोमध्ये, त्या ४६ मीटर लांब निजलेल्या बुद्धाच्या देवळात, एक पाटी आहे. थाई नसलेल्या खिसेकापूंच्या टोळ्यांपासून सावध राहा, असं त्यावर इंग्रजीत लिहिलंय. मी दोनदा वाचली. चोर आमचे नाहीत, बाहेरचे आहेत, हे देवळाच्या आवारात रंगवून टांगलंय! मावशी म्हणाली, गणपतीत आपल्याकडेही लोक हेच म्हणतात, फक्त पाटी लावत नाहीत.

मधल्या दिवसांत अयुथाया ही जुनी राजधानी बघून झाली, उकाड्याने जीव गेला, आंबा आणि चिकट भात रोज खाल्ला.

बँकॉकमधल्या पर्यटकांच्या खाओसान रस्त्यावर मात्र पुन्हा तोच प्रकार, पण उलट्या बाजूने. एक फेटेवाला गृहस्थ गोऱ्या पोरांना अडवून "यू हॅव अ व्हेरी लकी फेस" असं सांगत होता. हीही जगभर चालणारी जुनी युक्ती आहे. कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी लिहून त्याचा बोळा तुमच्या मुठीत देतात, मग आवडतं फूल, एक आकडा वगैरे विचारतात, बोलता बोलता बोळा बदलतात, आणि मूठ उघडली की आत तुमचंच उत्तर! मग पाकिटातला कुणा गुरूंचा फोटो निघतो आणि गरीब मुलांसाठी दान मागितलं जातं. मुळात खपवत होता तो भारतच: फेटा, ध्यान, भूतभविष्य, गूढ पूर्व. आम्ही जवळ गेलो तसा त्याने सूर बदलला, हिंदीत हळूच म्हणाला, "आगे चलो दीदी, धंदे का टाइम है." त्याच्याही यादीत आम्ही नव्हतो. मावशीने मात्र त्याला थांबून विचारलं, गाव कुठलं, जेवलास का. तो ओशाळला आणि थेट गल्लीत शिरला.

गेस्टहाऊसच्या नाश्त्याला एका टेबलावर बरेच देश जमायचे आणि चहाबरोबर देशांची निंदा चालायची. जर्मन पहाटे उठून खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवतात, डच हॉटेलात बिल पैशापर्यंत वाटून देतात, ऑस्ट्रेलियन दुपारी बाराला पितात. हे सगळे एकमेकांवर हसत होते आणि कोणाला लागत नव्हतं. मग विषय निघाला की फसवणुकीत पहिला नंबर कोणाचा. इजिप्त, व्हिएतनाम अशी नावं आली आणि टेबल हळूहळू आमच्याकडे बघू लागलं. एक डच बाई होत्या, साठीच्या, एकट्या फिरणाऱ्या. त्या संकोचून म्हणाल्या, "मला दिल्लीत फसवलं."

त्यांची गोष्ट अशी. नवी दिल्ली स्टेशनवर पहिल्या मजल्यावर परदेशी प्रवाशांचं तिकीट कार्यालय आहे. त्या जिन्याकडे निघाल्या तर एक सभ्य माणूस भेटला. ऑफिस आज बंद आहे म्हणाला. नकाशा काढला, गोल काढला, रिक्षा ठरवून दिली. रिक्षा कॅनॉट प्लेसजवळच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे थांबली. तिथे आग्ऱ्याच्या गाड्या फुल्ल असल्याचं कळलं आणि बाईंना जायचं होतं ताजमहाल बघायला, त्या पोहोचल्या श्रीनगरच्या हाउसबोटीत. आगाऊ पैसे भरून.

मी मावशीला मराठीत सांगत होते. नकाशा आणि गोल आल्यावर ती थबकली. "म्हणजे तोच?"

"तोच म्हण. फक्त शर्ट वेगळा."

मला वाटलं मावशी आता देशाची बाजू लावून धरेल. तिने विचारलं, "किती गेले?" बाईंनी युरोत आकडा सांगितला. मावशीने मनातल्या मनात गुणाकार केला, तिचा चेहरा पडला, आणि तिने पिशवीतून चकलीचा डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. ठाण्याच्या कॅशियरकडून एवढी नुकसानभरपाई मी प्रथमच पाहिली. बाईंनी तीन चकल्या खाल्ल्या आणि सांगितलं की काश्मीर मात्र फार छान होतं.

शेवटच्या संध्याकाळी प्रतूनामच्या कपड्यांच्या बाजारात गेलो. २०२३ च्या अखेरीस व्हिसाची कटकट गेल्यापासून तिथे आपलीच माणसं. २०२४ मध्ये २० लाखांहून जास्त भारतीय थायलंडला आले म्हणतात, त्यातले निम्मे मला त्या बाजारातच भेटले असावेत. विक्रेत्या तोंडाने बोलतच नाहीत, कॅलक्युलेटर पुढे करतात. मावशीने आकडा दाबला. विक्रेतीने तो बघून मैत्रिणीला हाक मारली, "इंडिया!" आणि दोघी पोट धरून हसल्या. तरी त्याच भावाने दिलं.

परतताना टॅक्सी. पहिल्याने मीटर टाकायला नकार देऊन तीनशे सांगितले, मावशी उतरली. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याने निमूट मीटर टाकला, ३५ पासून सुरू. गेस्टहाऊसपाशी ८७ झाले. मावशीने शंभराची नोट दिली आणि बसून राहिली. चालकाने हात हलवून सुटे नाहीत म्हणून खूण केली. मावशी बसून राहिली. मी उतरले, डिकीतून पिशव्या काढल्या, मागचा टुकटुकवाला हॉर्न वाजवू लागला. शेवटी चालकाने खिसे चाचपले, सनव्हायझर पाडला, पायाखालची चटई उचलली, आणि १३ बाट नाण्यांत मोजून तिच्या तळव्यावर ठेवले.

"इंडिया?" त्याने विचारलं.

"ठाणे," मावशी म्हणाली आणि त्यातले तीन बाट त्याला टिप दिले.