वेबिनारच्या आधी वारसांची फाईल

महामारीनंतर कर्मचाऱ्यांना आधार कसा द्यावा, या विषयावर २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत मनुष्यबळ विभागातील आम्हा मंडळींना पुष्कळ ऐकवले गेले. ऑनलाइन योगवर्ग, तणावमुक्तीचे वेबिनार, घरून काम करणाऱ्यांना टेबल-खुर्चीचा भत्ता, असा त्या उपदेशाचा साधारण सूर होता. हिंजवडीतील आयटी कंपन्यांना त्यातले बरेच काही लागू पडले असेल. मी मात्र भोसरी आणि चाकण परिसरात, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत काम करत आले आहे. तेथे जे पाहिले त्यावरून माझे मत असे झाले आहे की कामगाराच्या कुटुंबाला महामारीनंतर जो खरा आधार मिळाला, किंवा मिळता मिळता राहिला, तो टाइम ऑफिसमधील, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या व सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतील, कागदांमुळे.

कोविडने घरातला कमावता माणूस गेला तर त्याच्या वारसांना कायद्याने काय काय मिळायला हवे होते, हे एकदा सलग मांडून पाहण्यासारखे आहे. त्याच्या पीएफ खात्यातील शिल्लक तर होतीच. शिवाय पीएफला जोडलेली विधवा व मुलांची पेन्शन होती. ईडीएलआय या विमा योजनेची रक्कम होती, जिच्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नाही आणि म्हणूनच बहुतेक कामगारांना ती असल्याचेही ठाऊक नसते. एप्रिल २०२१ मध्ये या विम्याची कमाल मर्यादा ६ लाखांवरून ७ लाख रुपये झाली आणि किमान रक्कम अडीच लाख ठरली. ग्रॅच्युइटीला, म्हणजे सेवेबद्दल मालकाने द्यायच्या एकरकमी रकमेला, एरवी पाच वर्षांच्या सेवेची अट असते, पण १९७२ च्या कायद्यानुसार मृत्यूच्या बाबतीत ती लागू नव्हती. दोन वर्षे काम केलेल्या मुलाच्या आई-वडिलांनाही ती देय होती, आणि हे हिशेब विभागातील माणसांना अनेकदा कलम दाखवून पटवावे लागले. मासिक वेतन २१ हजारांपर्यंत असलेल्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाने, म्हणजे आपल्या ईएसआयने, २०२१ मध्ये स्वतंत्र कोविड मदत योजना आणली. तीत मृत कामगाराच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम अवलंबितांना दरमहा मिळणार होती. या सर्वांखेरीज शासनाचे ५० हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान होते.

एवढे सगळे असूनही विधवा बाई टाइम ऑफिसच्या बाकावर ताटकळत बसलेली दिसे. पैसा मंजूर होता, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट अडलेली होती, आणि ही अडवणूक बहुतेक वेळा महामारीच्या कितीतरी आधीची होती. मुलगा विशी-बाविशीत नोकरीला लागतो तेव्हा नॉमिनी म्हणून आईचे नाव लिहितो. पुढे लग्न होते, मुले होतात, आणि नामनिर्देशन नव्याने करायला हवे हे त्याला कोणी सांगत नाही. बायकोचे आधार कार्ड माहेरच्या नावाचे, बँकेचे खाते सासरच्या नावाचे, रेशन कार्डावर तिसरेच रूप. एखाद्याचा जन्मदिनांक शाळेच्या दाखल्यावर एक आणि पीएफच्या नोंदीत दुसरा. माणूस हयात असताना अशी दुरुस्ती त्याच्या सहीने आणि मालकाच्या शिफारशीने होऊन जाते. तो गेल्यावर मात्र त्याच दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्रे, वारस दाखला आणि तहसील कार्यालयाच्या खेपा मागे लागतात. घरात सासू आणि सून दोघीही दावेदार असल्या तर त्या कागदाचे भांडण चुलीपर्यंत जाते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून माझ्या दृष्टीने महामारीनंतरचे पहिले काम होते ते हयात असलेल्यांच्या फाईली सरळ करण्याचे. पीएफच्या संकेतस्थळावर ई-नामनिर्देशनाची सोय आहे; परंतु पासवर्ड विसरलेला, मोबाइल क्रमांक बदललेला आणि आधार जोडणी न झालेला फिटर ते स्वतः करील अशी अपेक्षा बाळगून सूचनाफलकावर परिपत्रक लावणे म्हणजे हात झटकणे होय. पाळी सुटण्याच्या वेळी, कँटीनजवळ, एक संगणक, एक बोटांच्या ठशांचे यंत्र आणि न चिडणारा एक लिपिक बसवला की हे काम होते. (न चिडणारा लिपिक मिळवणे हे यातले सर्वांत अवघड.) वेतनवाढीचे पत्र हाती देताना त्याच कागदाच्या पाठीवर नॉमिनीचे नाव छापून कामगाराची सही घेतली, तर तपासणी दरवर्षी आपोआप होते.

ज्या घरी मृत्यू झाला, तेथे एक वेगळीच अडचण होती. आमच्याकडचे अनेक कामगार लातूर, बीड, नांदेड, सोलापूर या जिल्ह्यांतले. दिवसकार्य उरकले की भाड्याची खोली सोडून कुटुंब गावी परतते, आणि मग प्रत्येक त्रुटीसाठी बाईने एसटीने पुण्याला यायचे. अशा वेळी विभागातील एकाच माणसाकडे त्या कुटुंबाचे सर्व दावे सोपवावेत, त्याचा फोन क्रमांक त्यांना द्यावा, आणि कागद गोळा करण्यासाठी शक्य तेथे त्यानेच गावी जावे. मृत्यूच्या दाखल्यावर कोविडचा उल्लेख नाही म्हणून कित्येक घरांनी अनुदानाचा नाद सोडला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२१ च्या आदेशानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, चाचणीत कोविड निघाल्यापासून ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू सामान्यतः कोविड मृत्यू धरला जाणार होता आणि तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर समिती होती. हे त्यांना समजावून सांगणारे कोणीतरी हवे होते, आणि कारखान्याबाहेर तसे त्यांचे कोणी नव्हते.

ठेकेदाराच्या कामगारांचे हाल याहून वाईट झाले. ठेका बदलला की त्याच माणसाचा नवा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी एकच राहायला हवा असा पीएफचा क्रमांक, काढायचा, ही वाईट सवय आमच्या पट्ट्यात जुनी आहे. परिणामी सहा वर्षे एकाच शेडमध्ये राबलेला माणूस नोंदींत तीन तुकड्यांत विभागलेला असतो. ईएसआयच्या मदतीसाठी आजाराच्या निदानापूर्वी किमान तीन महिन्यांची नोंदणी आणि आधीच्या वर्षभरात ७० दिवसांचे अंशदान आवश्यक होते. टाळेबंदीत गावी गेलेला आणि परतल्यावर नव्याने भरती दाखवलेला कामगार नेमका या अटींत अडकण्याचा धोका होता. ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ आणि ईएसआय भरला जाण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे कारखान्यावरही असते. तेव्हा ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी पैसे भरल्याच्या चलनासोबत नावनिहाय यादी तपासावी आणि जुना यूएएन असताना नवा काढू देऊ नये, एवढी तरी कडक शिस्त मनुष्यबळ विभागाने लावलीच पाहिजे.

आजारातून उठून कामावर परतलेल्यांविषयी मला हजेरी बोनसची तक्रार करायची आहे. महिनाभर खाडा न करणाऱ्याला जादा रक्कम देण्याची पद्धत बहुतेक कारखान्यांत आहे, आणि तिच्यामुळेच दुसऱ्या लाटेत माणसे ताप लपवून गेटमधून आत येत होती. महामारी ओसरल्यावरही दम लागणारा माणूस प्रेस यंत्रावर उभा राहत होता, कारण ईएसआयचा आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षात ९१ दिवसांपुरता, आणि वरून बोनस बुडणार. डॉक्टरच्या दाखल्यावरील रजा बोनसच्या हिशेबातून वगळणे आणि काही आठवडे तपासणी किंवा स्टोअरसारखे हलके काम देणे, यात कंपनीचे फारसे काही जात नाही. उत्पादन विभाग कुरकुर करतो, ती करू द्यावी.

समुपदेशनाला माझा विरोध नाही. दुःख होते आणि ते दीर्घकाळ टिकले. पण एचआरच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत समुपदेशक बसवला, तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तेथे कोण जाणार? त्यापेक्षा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक पगाराच्या पावतीवर छापणे अधिक उपयोगाचे. तेथे मराठीत बोलता येते, आणि फोन कोणी केला हे पर्यवेक्षकाला कळत नाही.