‘पाजतेस ना?’ एवढंच विचारत होते

हर्णैजवळच्या आमच्या वाडीत मी आशा (गावातली आरोग्यसेविका) म्हणून लागले तेव्हा अंगावर पाजण्याचं सगळं मला तोंडपाठ होतं. जन्मल्यावर तासाभरात बाळ छातीशी घ्यायचं, चीक टाकायचा नाही, 6 महिने वरचं पाणीसुद्धा नाही. पुढे वरचं खाणं सुरू झालं तरी 2 वर्षं आणि त्यानंतरही अंगावरचं चालू ठेवायचं. प्रशिक्षणात कुणी विचारलं की पहिला हात माझा. बाळ छातीला नीट लागलंय का, हे मात्र मला बघता येत नव्हतं. आणि ते येत नाही, हेही ठाऊक नव्हतं.

जूनची गोष्ट. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, पाऊस धो धो. एक पहिलटकरीण दवाखान्यातून घरी आली होती. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आम्हाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जायचं असतं. तिसऱ्या दिवशी गेले, विचारलं, “पाजतेस ना?” ती हो म्हणाली. मी फॉर्मवर हो लिहिलं.

सातव्या दिवशी बाळ झोळीच्या काट्यात घातलं. जन्माचं वजन 2 किलो 800, काटा 2 किलो 550 दाखवत होता. बाळंतिणीच्या बोंड्यांना चिरा. सासूबाई तिला रोज अळिवाची खीर देत होत्या, तरी “दूध नाय पुरत गो पोराला” म्हणून दापोलीहून पावडरचा डबा आणून ठेवलेला. मी पुन्हा 6 महिन्यांचं सांगू लागले, तर ती रडायलाच लागली. “ताई, मला कळतंय सगळं. पण दुखतं.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी उपकेंद्रातल्या सिस्टरना फोन लावला.

त्या दुसऱ्या दिवशी भिजत आल्या. आधी बाळ तपासलं. सुस्त नव्हतं, लघवी होत होती. तसं नसतं तर तिथूनच दवाखान्यात न्यायचं होतं. मग हात धुऊन चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, “पाज, मी बघते.” पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. बाळ उताणं, मान वळवलेली, तोंडात नुसतं बोंड. त्याने आईला चिरा पडतात, बाळाला दूध ओढता येत नाही, आणि दूध ओढलं गेलं नाही की पुढे तयारही कमी होतं. खिरीने ते कसं सुधारणार?

सिस्टरनी तिची पाठ भिंतीला टेकवली, कोपराखाली गोधडीची घडी दिली. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान, खांदा, कंबर एका रेषेत. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला लावलं आणि थांबल्या. बाळाने जांभई दिल्यासारखा आ केला, तेव्हा बाळाला छातीकडे आणलं, छाती बाळाकडे नेली नाही. हनुवटी टेकली. खालचा ओठ बाहेर वळला. बोंडाभोवतीचा काळा भाग वरून दिसत होता, खालून जवळजवळ नाही. कौलांवर पावसाचा एवढा आवाज की गिळण्याचा आवाज ऐकायला मला कान जवळ न्यावा लागला. बाळंतिणीच्या कपाळावरची आठी गेली. पाजून झाल्यावर दुधाचेच दोन थेंब चिरांवर लावायला सांगितले.

डब्यावरून सिस्टर सासूबाईंशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांना काम दिलं: दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा पाजलं जातंय का बघायचं आणि ओले लंगोट मोजायचे. 6 किंवा जास्त झाले तर दूध पुरतंय.

आशांच्या प्रत्येक प्रशिक्षणात एक दिवस पाजणाऱ्या आईशेजारी बसायचा असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. प्रशिक्षणातल्या चित्रातलं बाळ हलत नाही, रडत नाही, गिळतही नाही. माझ्या हातून त्या मुलीचे चार दिवस उगाच दुखण्यात गेले. आता मी कुठल्याही घरी गेले की फॉर्म पिशवीतच ठेवते आणि आधी म्हणते, “घे त्याला, मी बसते.”

एकविसाव्या दिवशी काटा 2 किलो 950वर गेला. मी वजन सांगायच्या आधीच सासूबाई चुलीवरच्या दोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “काल आठ झाले गो.”