मेश बदलण्याआधी घरात वायर ओढली

घरातलं वाय-फाय जुनं झालं की आपण लगेच नवीन डबे बघायला लागतो. मी या खेपेला आधी वायरीकडे बघितलं. मेशचं, म्हणजे घरभर वाय-फाय पोचवायला एकमेकांशी जोडलेल्या डब्यांचं, खरं दुखणं दोन डब्यांच्या मधल्या रस्त्यात असतं, असं माझं आता ठाम मत झालंय.

आमचं घर मिरजेत. खाली-वर दोन मजले, नऊ इंची विटांच्या भिंती, मध्ये स्लॅब. फायबरचा ओएनटी, म्हणजे बाहेरून आलेली फायबर ज्याला जोडतात तो डबा, खालच्या हॉलमध्ये. मेश २०१८ साली घेतलेली, दोन नगांची. एक ओएनटीजवळ, दुसरा वर जिन्यापाशी. वरच्या खोलीत मी घरून काम करतो. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा आणि समोरच्याला तेच वाक्य पुन्हा सांगावं लागायचं. त्यात मेश बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट देणं बंद केलं होतं. घरातला प्रत्येक फोन, कॅमेरा ज्या दारातून बाहेर जातो, त्या दाराचं कुलूप असं जुनं ठेवणं मला पटेना.

खरेदीआधी मोजमाप केलं. प्लॅन २०० एमबीपीएसचा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं, मेशच्या खालच्या नगाला वायरने जोडला आणि स्पीड बघितला, तर ९४. या आकड्यावर कधी पुढे जात नसेल तर मधे कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट आहे असं समजायचं. आतला खर्च वजा जाता त्यातून तेवढंच मिळतं. ओएनटी उलटा करून बघितला. एका पोर्टवर 'जीई' लिहिलेलं, म्हणजे गिगाबिट, १००० एमबीपीएसचा; दुसऱ्यावर 'एफई', म्हणजे १०० चा. जोडणी करून गेलेल्या माणसाने मेशची वायर एफईमध्ये लावली होती. ती जीईमध्ये लावल्याबरोबर पूर्ण २०० आले. एक पैसा खर्च न होता.

वर मात्र फरक शून्य. जिन्यातल्या नगाशेजारी उभं राहिलं की फोनमधल्या अॅपवर सिग्नल उणे ४५ डीबीएम, म्हणजे उत्तम. आणि स्पीड कसाबसा वीस. फोनवरच्या पट्ट्या फक्त फोन आणि जवळचा डबा यांच्यातलं नातं दाखवतात. त्या डब्याला खालून काय मिळतंय ते त्यात कळत नाही. ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोनच रेडिओंच्या मेशमध्ये वरचा नग एकाच रेडिओवरून खालच्याशीही बोलतो आणि आपल्या फोनशीही. त्यात निम्मा वेग जातो, आणि उरलेला आमच्या स्लॅबमधल्या सळ्या खातात. अशा ठिकाणी कितीही महाग मेश आणा, तीही त्याच स्लॅबमधून बोलणार.

म्हणून दोन नग जोडायला कॅट ६ ही नेटवर्कची वायर आणली. दुकानात स्वस्त वायर पुढे केली जाते, त्यात तांब्याचा फक्त मुलामा असतो आणि आत अॅल्युमिनियम. मी दुकानातच ब्लेडने तार खरवडून बघितली. आत पांढरी निघाली तर ती घ्यायची नाही. शुद्ध तांब्याची आतपर्यंत लालसरच राहते.

वायर वर न्यायची कशी, हा खरा प्रश्न होता. माझ्या मनात लाइटच्या कन्सील पाइपातून न्यायचं होतं. वायरमन म्हणाला, "दादा, लाइटच्या पाइपात ही नाही टाकायची. तुमचा केबल टीव्हीचा पाइप मोकळाच आहे की." जुनी टीव्हीची जाड काळी वायर वर्षानुवर्षं तशीच पडून होती. तिच्या टोकाला नवीन वायर चिकटपट्टीने घट्ट बांधली, वरून तो ओढत राहिला, खालून मी सोडत राहिलो. जिन्याच्या वळणावर अडकली, थोडी मागे घेतली, वायरीला टाल्कम पावडर लावली आणि सुटली. भिंत कुठेही फोडावी लागली नाही.

टोकं चढवून झाल्यावर लिंक पुन्हा १०० चीच आली. वायरीतल्या आठही तारा तपासणारा टेस्टर लावला तर सात नंबरचा दिवा पेटेना. ती पांढरी-तपकिरी तार. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एक तार नीट बसली नसेल तरी नेट चालू राहतं, फक्त हळू. त्यामुळे वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. टोक कापून नवीन कनेक्टर चढवला, आठही दिवे ओळीने लागले. वायरमनकडे टेस्टर नसेल तर आधी मागवून घ्या.

मेश त्यानंतर घेतली, वाय-फाय ६ ची, एएक्स३००० लिहिलेली. हा आकडा २.४ गिगाहर्ट्झचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झचे २४०२ यांची बेरीज करून, वर गोल करून लिहितात. कुठल्याही एका फोनला तेवढा वेग मिळत नाही, तेव्हा दुकानात त्यावरून तुलना करण्यात अर्थ नाही. मी दोनच गोष्टी बघितल्या: प्रत्येक नगाला गिगाबिट पोर्ट आहे ना, आणि वायरने जोडलेला बॅकहॉल, म्हणजे दोन नगांमधला दुवा, चालतो ना.

सेटिंगमध्ये मेश अॅक्सेस पॉइंट मोडवर ठेवली, म्हणजे ती फक्त वाय-फाय देते, राउटरचं काम ओएनटीच करतो, आणि ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय बंद केलं. नाहीतर एकामागे एक दोन राउटर होतात आणि एकाचा प्रिंटर दुसऱ्याला दिसत नाही. नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड जुनेच दिले, त्यामुळे आईबाबांच्या फोनला हातही लावावा लागला नाही. फक्त गच्चीवरचा कॅमेरा रुसला. त्याला डब्ल्यूपीए३ ही वाय-फायच्या सुरक्षेची नवी पद्धत कळत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र चालतील असा पर्याय निवडल्यावर तोही आला. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारचे बहुतेक राउटर ६ नंबरच्या चॅनलवर दाटीने बसलेत, म्हणून आपला ११ वर ठेवला. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

आता वरच्या खोलीत १८० ते १९० मिळतात, मीटिंग सलग चालते. ओएनटी आणि खालचा नग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलेत, वरच्या नगाला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. विकत घेताना नगाच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, सगळ्यांचे सारखे नसतात. जुने नग रीसेट करून ई-कचरा घेणाऱ्याकडे दिले. एका नातेवाइकांनी मागितले होते, पण अपडेट बंद झालेली वस्तू मी त्यांच्या घरात लावून दिली नाही. त्याऐवजी येत्या रविवारी टेस्टर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, त्यांचाही स्पीड ९४ वरच अडकलाय.