धूर नक्की किती उंच होता?

वणव्याच्या धुराची उंची काढायचं काम मी बरीच वर्षं करतोय, पण एक केस अजून डोक्यातून जात नाही.

जंगलात आग होती आणि धूर हवेच्या खालच्या थरात अडकलाय की त्याच्या वर निघून गेलाय एवढंच आम्हाला सांगायचं होतं. प्रश्न एवढासा वाटतो पण सगळं त्यावरच असतं, कारण धूर खालच्या थरात राहिला तर आसपासच्या लोकांच्याच छातीत जाणार आणि वर निसटला तर शेकडो किलोमीटर लांब जाणार.

डेटा मिसरचा होता. नासाने डिसेंबर १९९९ मध्ये सोडलेल्या टेरा उपग्रहावरचं हे यंत्र, त्याला नऊ कॅमेरे, एक सरळ खाली बघणारा, चार पुढे, चार मागे, सगळ्यात तिरपे दोन ७०.५ अंशांचे. नऊही कॅमेऱ्यांखालून एक जागा जायला साधारण सात मिनिटं लागतात. सरळ खालच्या फोटोत धूर अगदी विरळ होता, जेमतेम दिसत होता, पण ७० अंशांचा फोटो उघडला तर तोच पट्टा दाट पांढुरका, कारण तिरकं बघताना नजर जवळपास तिप्पट धुरातून जाते. मला हे अजूनही दर वेळी भारी वाटतं. मग नऊ फोटो एकामागून एक फिरवले, डोंगर, नदी सगळं जागच्या जागी आणि धूर तेवढा उत्तरेकडे सरकतोय. जितका जास्त सरकेल तितका उंच, हे गणित.

मिंक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये धुराची कड हाताने आखली, आकडे आले, २.६ किलोमीटर. त्या सकाळी खालचा थर तेवढ्या उंचीपर्यंत वाढलेलाच नव्हता, म्हणजे धूर वर गेला, असा रिपोर्ट लिहून मी सीनियर मॅडमना दाखवला. त्यांनी फोटो दोनदा फिरवून बघितले आणि म्हणाल्या, "अरे, वारा कुठे चाललाय बघितलास का?"

वारा उत्तरेकडेच होता! टेरा दिवसा उत्तरेकडून दक्षिणेला जातो, त्यामुळे उंचीवरची गोष्ट फोटोंत उत्तरेला सरकलेली दिसते, आणि इथे धूर खरोखरच त्या बाजूला वाहत होता, म्हणजे वाऱ्याचं सरकणं मी उंचीत धरलं होतं. शेजारशेजारचे कॅमेरे घेतले तर सेकंदाला १० मीटरचा असा वारा उंचीत जवळपास एक किलोमीटरची चूक घालतो. मिंक्स दोन्ही आकडे देतं, वारा शून्य धरून काढलेले आणि वारा वजा करून काढलेले, आणि मी घाईत पहिला कॉलम उचलला होता. धूर वाहण्याच्या दिशेची रेघ परत नीट आखली, दुसरा कॉलम बघितला, १.५ किलोमीटर. धूर खालच्या थरातच होता, लोकांच्या डोक्यावर.

मला घाम फुटला. रिपोर्ट तिथेच थांबवला आणि तासाभरात नवा आकडा पाठवला.

दुसऱ्या दिवशी परत मोजावं म्हटलं तर ते शक्यच नव्हतं, मिसरचा पट्टा जेमतेम ३८० किलोमीटर रुंद, तीच जागा परत दिसायला २ ते ९ दिवस लागतात. तोवर आग विझली होती. त्या आगीचं आमच्याकडे तेवढं एकच मोजमाप आहे.